लेस, रेशीम आणि आपली घासाघीस

युरोप पाहून आलेल्या मंडळींची प्रवासवर्णने दिवाळी अंकांना नवी नाहीत. त्यांत आता क्रोएशियाही आला. दुब्रोव्हनिकची तटबंदी, निळाशार समुद्र, हॉटेलातला नाश्ता, सारे यथासांग होते आणि खरेदीच्या परिच्छेदात एक ठरलेले वाक्य येते : ‘लेसचा वीतभर तुकडा, पण किंमत ऐकून घेरीच आली!’ माझे भांडण आहे ते या घेरीशी.

ती किंमत कशाची, हे कोणी विचारायला नको का? पाग हे आद्रियाटिक समुद्रातले उघडेबोडके बेट. मिठागरे, मेंढ्या आणि लेस हेच त्याचे धन. तिथली लेस शिवणाच्या साध्या सुईने होते. मांडीवर टणक उशी, तिच्यावर आधी दोऱ्याचे कोळ्यासारखे जाळे आणि मग त्यात त्रिकोण, वर्तुळे भरत जायचे. खाली कापड नसतेच, दोऱ्याला दोऱ्याचाच आधार. तळहाताएवढ्या तुकड्यात बाईचे दिवसच्या दिवस जातात. 1906 साली पागमध्ये या कामाची शाळा निघाली. (आपल्याकडे शिवणाचा तास गणिताच्या जादा तासाने गिळला आणि पालकसभेत एकही आवाज उठला नाही. असो.)

उत्तरेकडच्या लेपोग्लावा गावात लाकडी काड्यांवर गुंडाळलेले दोरे एकमेकांत गुंफून लेस विणतात. ह्वारची तऱ्हा तर आणखी निराळी. घायपात आपण बांधावर लावतो, तिच्या वाखाचे दोर वळतो. ह्वार गावच्या मठातल्या बेनेडिक्टाइन संन्यासिनी याच कुळातल्या पानाच्या गाभ्यातून बारीक पांढरा धागा काढतात आणि पुठ्ठ्यावर त्याची जाळी विणतात. साऱ्या क्रोएशियात हे काम फक्त त्यांच्याकडे. 2009 साली युनेस्कोने या लेसकामाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. आपला प्रवासी मात्र दारात उभा राहून म्हणतो, “लास्ट प्राइस बोला!”

दुब्रोव्हनिकच्या दक्षिणेला कोनावले नावाचा मुलूख आहे. तिथल्या बायका घरी रेशमाचे किडे पाळत, धागा काढत, तो रंगवत आणि सदऱ्याच्या छातीवर कापडाचे धागे मोजून भौमितिक नक्षी भरत. कसुतीचा टाकाही धागे मोजूनच पडतो. त्यामुळे त्यातले डोळेफोड कष्ट आपल्या भागातल्या बायकांना कोणी समजावून सांगायला नकोत. 1991 च्या युद्धात या मुलखातली घरे लुटली, जाळली गेली. चिलिपी गावातले संग्रहालयही आगीतून सुटले नाही. घरोघरच्या पेट्यांतले किती भरतकाम त्यात गेले, त्याची मोजदाद कोण करणार? तरी पुढे तिथे पुन्हा तुती लावली गेली, किडे पाळले गेले, सुई हातात आली. त्या सुईच्या कामावर आपण दहा टक्के सूट मागतो!

कोणी म्हणेल, मास्तर, मध्यमवर्गीयाने पैसे जपायचे नाहीत काय? जरूर जपावेत. परवडत नसेल तर घेऊ नये, हात मागे बांधून पाहावे. पण परवडत असताना बाईच्या मजुरीतून चार युरो उपटायचे आणि परत आल्यावर तो पराक्रम भिशीत सांगायचा, याला काटकसर म्हणत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे कलेचे गोडवे गायचे आणि घ्यायची शेजारच्या स्टॉलवरची यंत्राची लेस. ती ओळखणे तसे अवघड नाही. तिथे हरेक फूल दुसऱ्याचे जुळे असते. हातच्या कामात दोन पाकळ्या तंतोतंत जुळत नाहीत.

सालामोन बर्गर हा कापडाचा व्यापारी. नफातोटा त्याला आपल्याहून अधिक कळत असणार. त्याने खेड्यापाड्यांतली वस्त्रे आणि भरतकाम जमवले, आणि 1919 साली झाग्रेबमध्ये एथ्नोग्राफिक संग्रहालय उभे राहिले ते त्याच्या संग्रहाच्या पायावर. व्यापाऱ्याला जे मोल दिसले ते आपल्या पदवीधर पर्यटकाला दिसू नये?

यंदा तिकडे जाणार असाल तर पागच्या गल्लीत दारापाशी बसलेल्या आजीला भाव विचारण्याआधी हा तुकडा कोणी केला, किती दिवस लागले, एवढे विचारा. मग पाकीट काढा, नाही तर नमस्कार करून पुढे चला.