मेंढी चोरली तर फाशी, कुरण गिळले तर सन्मान

इंग्रजांनी कायद्याचे राज्य आणले, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. पण खुद्द इंग्लंडच्या खेड्यात ते राज्य कोणाचे होते, हे तपासल्याशिवाय आम्ही ते मान्य करणार नाही.

तिथे १७४१ च्या कायद्याने मेंढीचोराला फाशी ठरवली. पुढच्याच वर्षी गाय-बैलही त्यात आले. याच काळात संसद एकामागून एक कायदे करून गावांची सामाईक कुरणे कुंपणात घालत होती. ज्या मजुराची एकुलती गाय त्या कुरणावर चरायची, त्याची गायही गेली. एक मेंढी नेणारा चोर ठरला आणि शेकडो एकर नेणारा सन्माननीय खासदार! पकडलेल्या मजुराची पहिली चौकशी करून त्याला तुरुंगात धाडणारा मॅजिस्ट्रेटही बहुधा जमीनदारच असे.

फाशीने चोरी थांबली का? नाही. शिक्षा इतकी क्रूर की ज्युरी अनेकदा दोषी ठरवायलाच कचरत. पुष्कळांची फाशी टळून त्यांची रवानगी ऑस्ट्रेलियाला झाली. अखेर १८३२ मध्ये जनावरांच्या चोरीची फाशी रद्द झाली.

मग पोलीस आले. १८३९ च्या कायद्याने परगण्यांना पोलीस दल उभारण्याची मुभा दिली, १८५६ च्या कायद्याने सक्ती केली. खेड्यातल्या या दलावर हुकूम मात्र त्याच मॅजिस्ट्रेटांचा चाले. १८६२ पासून तर रस्त्याने जाणाऱ्या मजुराने चोरून ससा मारल्याचा संशय आला, तरी पोलीस त्याची झडती घेऊ शकत. आणि खेड्यातल्या या मजुराला मत कधी मिळाले? १८८४ मध्ये, तेही फक्त पुरुषांना.

कोणी म्हणेल, चोरी ती चोरीच. गरिबाचीही मेंढी जाते. खरे आहे. ज्याच्याकडे दोनच मेंढ्या, त्याला पोलीस हवाच. आमचा प्रश्न एवढाच, की पोलीस उत्तर कोणाला देतो?

आता आपल्याकडे या. इंग्लंडमध्ये १८६९ आणि १८७१ च्या कायद्यांनी सराईत गुन्हेगारांची नोंदवही सुरू केली. पण तिच्यात नाव चढायला आधी कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागे. त्याच १८७१ साली इंग्रजी सत्तेने भारतात क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आणला. इथे गुन्हा सिद्ध करण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता! पिढीजात धंद्याची कल्पना जातिव्यवस्थेने त्यांना आयतीच दिली होती. तिथे वर्ग पाहून संशय घेतला जाई, इथे जन्मच गुन्हा ठरला.

तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तरी आजही गावात शेळी गेली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते. मित्रांनो, अशा वेळी घरात बसू नका. चारजण मिळून ठाण्यात जा. अटक झाली असेल तर कारण विचारा, ते लेखी मागा आणि वकील द्या. संविधानाच्या कलम २२ ने हा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आडनाव न विचारता.

जय भीम!