मेसच्या ताटात पालेभाजी येऊ द्या

सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतील मेसचालक, डबे देणाऱ्या ताई, खोलीमालक आणि इथे राहून अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनो,

‘हल्लीच्या मुलांना भाज्या नकोच असतात’ असं आपण सहज बोलून जातो. मला ते मुळीच पटत नाही. इथे राज्यसेवेच्या तयारीला आलेली कितीतरी मुलं बीड-लातूरकडे करडईची, अंबाडीची भाजी भाकरीशी खात वाढली. धुळे-जळगावची पोकळा आणि भरतावर. पुण्यात आल्यावर हे सगळं ताटातून गेलं. आज बटाट्याचा रस्सा, उद्या मटकी, परवा त्याच लाल वाटणातला फ्लॉवर-बटाटा. समोर येईल ते मुलं खातात. भाजी ताटात उरते तेव्हा ती बहुतेकदा शिजून गाळ झालेली असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. जागतिक आरोग्य संघटना तर भाज्यांच्या हिशेबात बटाटा धरतच नाही. मुलींची मला जास्त काळजी वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, आणि पैसे वाचवायला एक डबा दोघींत खाणाऱ्या मुली आपल्याच पेठांत राहतात.

मेसचालकांनो, तुमची अडचण खरी आहे. मेथी निवडायची, तीन पाण्यांतून धुवायची, चिरायची, आणि पातेलंभर भाजी शिजून तळाला बसते. बटाटा पुरवठ्याला येतो. म्हणून विनंती एवढीच, की आठवड्यातून तीनदा पालेभाजी डाळीत किंवा ताकात करा. डाळ-पालक, डाळ-मेथी, चाकवताची पातळ भाजी, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे घातलेलं अळू. थोड्या जुड्यांत पंगत निघते. वरून लसणाची चरचरीत फोडणी द्या. चव असली की मुलं दुसऱ्यांदा मागतात. ताटात लिंबाची फोड ठेवा. त्यातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

खोलीमालकांनो, खोलीत शेगडी नको हा तुमचा नियम आगीच्या भीतीने आहे, ते समजतं. पण गच्चीलगतच्या मोरीशेजारी एक सामाईक ओटा आणि विजेची एक शेगडी देता आली, तर मेसच्या सुट्टीच्या संध्याकाळी मुलं वडापाववर भागवणार नाहीत.

आणि मुलामुलींनो, तुम्ही मागितल्याशिवाय हे टिकणार नाही. महिन्याचे पैसे भरताना पालेभाजीचं विचारा. जेवल्याजेवल्या चहाला पळू नका, त्याने लोह शोषलं जायला अडथळा येतो. रात्री उशिरा मंडईकडून येताना गाजर, काकडी, मुळा घेऊन या. त्यांना शेगडी लागत नाही. या वयात मित्र खातो तेच आपण खातो, तेव्हा खोलीतल्या एकाने सुरुवात केली तरी पुष्कळ. ज्या मेसमध्ये चांगली पालेभाजी मिळू लागेल, तिचं नाव आपापल्या अभ्यासिकेच्या फलकावर लिहा, म्हणजे बाकीचेही तिकडे जेवायला जातील.

आपला,
सदाशिव पेठेतील एक रहिवासी