अग्निबाण आणि अग्निपंख

आपल्या मंडळींच्या प्रवासाचे दोनच प्रकार आहेत, असे आमचे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. एक पुण्य जोडण्यासाठी केलेला आणि दुसरा जाऊन आल्याचे सांगण्यासाठी केलेला. पहिल्यात तिरुपती, काशी, रामेश्वर आणि पंढरपूर येतात. दुसऱ्यात सिंगापूर, स्वित्झर्लंड आणि अलीकडे दुबई. या दोहोंच्या मध्ये, ज्या भूमीत आपल्या पाच-सहा पिढ्या नांदल्या ती भूमी मात्र कोठेच बसत नाही. आगगाडीच्या खिडकीतून तिचे जेवढे दर्शन घडेल तेवढ्यावर आपले समाधान असते. या वृत्तीविरुद्ध आम्हाला आज बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी आम्ही एकच ठिकाण निवडले आहे, कारण तेथे आपला करंटेपणा सर्वांत ठळकपणे दिसतो. ते ठिकाण म्हणजे श्रीहरिकोटा, आणि त्याला कवेत घेऊन पसरलेले पुलिकत सरोवर.

हैदराबाद-सिकंदराबादेतील जुन्या मराठी घरांपैकी तिरुपतीला गेले नाही असे घर शोधून सापडणार नाही. जावळ, मुंज, लग्नानंतरचे दर्शन, नवस फेडणे, निमित्ते अनेक. त्याच तिरुपतीहून शंभर किलोमीटरच्या आत सुळ्ळुरुपेट हे गाव आहे, आणि तेथून सरोवराच्या पात्रातून गेलेला रस्ता श्रीहरिकोटा बेटावर पोहोचतो. २०२२ साली आंध्रातील जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा हा भाग नेल्लोर जिल्ह्यातून निघून तिरुपती जिल्ह्यात आला. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या वाऱ्या आपण जन्मभर करतो, त्याच जिल्ह्यातून भारताचे अग्निबाण आकाशात जातात. देवाला जाणाऱ्यांविषयी आमच्या मनात यत्किंचितही अनादर नाही. प्रक्षेपणापूर्वी आपले शास्त्रज्ञही तिरुमलेला आणि सुळ्ळुरुपेटच्या चेंगाळम्मा देवीला जाऊन येतात. त्यांना देवळाकडून प्रक्षेपणस्थळाकडे जाणारी वाट सापडते, आपल्याला ती सापडत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘दूरदर्शनवर घरबसल्या अधिक स्पष्ट दिसते, मग उन्हातान्हात जायचे कशाला?’ हा आक्षेप घेणाऱ्यांना आमचा उलट प्रश्न आहे की, तिरुमलेचा ब्रह्मोत्सवही दूरदर्शनवर अधिक स्पष्ट दिसतो, मग रांगेत उभे का राहता? पडद्यावर ज्वाळा आणि आवाज एकाच क्षणी येतात. प्रत्यक्षात तसे घडत नाही. प्रक्षेपणस्थळापासून सात किलोमीटरवर उभे असाल तर ज्वाळा आधी दिसते, अग्निबाण संपूर्ण नि:शब्दतेत वर चढू लागतो, आणि त्याची गर्जना सुमारे वीस सेकंदांनी येऊन छातीवर आदळते. प्रकाश आणि ध्वनी यांच्या वेगांतला फरक शाळेतल्या पुस्तकात आपण सर्वांनीच पाठ केला. तो अंगावर घेण्याची ही एक जागा आहे. सुमारे ६४० टन वजनाचा, चौदा मजली इमारतीएवढा उंच प्रक्षेपक जमीन सोडतो तेव्हा नातवाला पडणारे प्रश्न पडद्यासमोर बसून पडत नाहीत. हे बेट पूर्व किनाऱ्यावरच का निवडले? पूर्वेकडे सोडल्यास पृथ्वीचे फिरणे त्या अक्षांशावर सेकंदाला सुमारे साडेचारशे मीटरांचा वेग फुकट देते, आणि गळून पडणारे भाग माणसांच्या डोक्यावर न पडता बंगालच्या उपसागरात पडतात. हे उत्तर समुद्राकडे बोट दाखवून देता येते. बैठकीच्या खोलीत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा. ‘एवढे तिकीट काढून जावे आणि प्रक्षेपण पुढे ढकलले गेले तर?’ तर ढकलले जाईल. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चे प्रक्षेपण ५६ मिनिटे २४ सेकंद उरले असता थांबविण्यात आले. त्या वेळी राष्ट्रपतीही तेथे उपस्थित होते. सर्वजण परत गेले, दोष दुरुस्त झाला आणि २२ जुलैला यान निघाले. प्रमुख पाहुणे आले आहेत म्हणून सदोष कार्यक्रमही उरकून घ्यावयाचा, या आपल्या सार्वजनिक जीवनातील रीतीच्या पार्श्वभूमीवर आम्हाला तर तो थांबलेला आकडाच अधिक शिकविणारा वाटतो. सहल-संस्थांच्या पत्रकात ‘हमखास दर्शन’ असे शब्द असतात. विज्ञानात हमखास असे काही नसते, हे ज्याला पचत नाही त्याने खुशाल घरी राहावे.

अपयशाचेही तसेच. १० ऑगस्ट १९७९ रोजी पहिला उपग्रह-प्रक्षेपक याच बेटावरून उडाला आणि समुद्रात कोसळला. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे गेले ते संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८० रोजी तोच प्रक्षेपक यशस्वी झाला तेव्हा मात्र त्यांनी बोलण्यासाठी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केले. आज त्या केंद्राला धवनांचे नाव आहे ते उगीच नव्हे. २९ जानेवारी २०२५ रोजी तेथून शंभरावे प्रक्षेपण झाले आणि त्याच वर्षीच्या १८ मे रोजी एक प्रक्षेपक तिसऱ्या टप्प्यातील बिघाडाने उपग्रहासह हातचा गेला. ज्यांना केवळ विजयाची मिरवणूक पाहावयाची आहे, त्यांच्यासाठी ही जागा नाही, आणि म्हणूनच आपल्या मुलांना ती दाखविली पाहिजे.

आता सरोवराविषयी. कारण जी थोडी मंडळी प्रक्षेपण पाहावयास जातात, तीही पुलिकतच्या पाण्यामधून मोटार पळवीत जातात आणि तशीच परततात. चिलिकाखालोखाल भारतातील हे सर्वांत मोठे खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर. ईशान्य मोसमी पाऊस झाला की ते भरते, आणि मग हिवाळाभर त्याच्या उथळ पाण्यात हजारो रोहित पक्षी उभे असतात. या पक्ष्याला मराठीत ‘अग्निपंख’ असे दुसरे नाव आहे. पांढुरका दिसणारा हा पक्षी पंख उघडतो तेव्हा आतला लालभडक रंग दिसतो, म्हणून हे नाव. अग्निबाण आणि अग्निपंख एकाच क्षितिजावर पाहावयास मिळावेत, असा योग आपल्या देशात दुसरीकडे कोठे आहे? सुळ्ळुरुपेटच्या उत्तरेस थोड्या अंतरावर नेलपट्टूचे पक्षी-अभयारण्य आहे. साडेचार चौरस किलोमीटरच्या त्या चिमुकल्या जागेत, पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर झोळीवाले पेलिकन शेकड्यांनी घरटी करतात. सोबतीला चित्रबलाक आणि मुग्धबलाक असतात. शेजारची खेडी या पक्ष्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आली आहेत.

आपली मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत. ती फ्लोरिडात केनेडी अवकाशकेंद्र पाहावयास जातात आणि छायाचित्रे पाठवितात. आपण ती कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवितो. त्या केंद्राच्या जमिनीवरच १९६३ पासून मेरिट आयलंडचे पक्षी-अभयारण्य आहे आणि तेथील लोक एका फेरीत दोन्ही पाहतात. तेच दृश्य आपल्या घरापासून एका रात्रीच्या गाडीप्रवासावर आहे, हे त्या मुलांना आपण कधी सांगितले काय? त्यांनी सातासमुद्रापलीकडे जाऊन पाहावे याचे आम्हाला दु:ख नाही. आपण येथे राहून पाहिले नाही, याचे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. आम्ही जत्रेची शिफारस करीत नाही. सरोवराची खोली सरासरी जेमतेम मीटरभर. समुद्राला मिळणारी त्याची मुखे गाळाने भरत चालली आहेत आणि त्यावर पोट असलेले कोळी त्यासाठी गाऱ्हाणी घालीत आहेत. रोहित पक्षी जवळून दिसावेत म्हणून टाळ्या पिटून त्यांना उडविणारे, बांधावर बसून डबे सोडणारे आणि उरलेला कागद-प्लास्टिक पाण्याला अर्पण करणारे पर्यटक आम्हाला ठाऊक आहेत. त्यांत मराठी बोलणारेही असतात. अशांनी जाण्यापेक्षा न गेलेले बरे. आणखी एक. या बेटावर पूर्वी यानादी या आदिवासी जमातीची वस्ती होती. अवकाशकेंद्रासाठी त्यांना आपली जागा सोडावी लागली. अग्निबाणाच्या गर्जनेने ज्याचा ऊर अभिमानाने भरून येतो, त्याला या किमतीची माहिती असली पाहिजे. माहिती असून जो पाहतो त्याचा अभिमान खरा. बाकीच्यांचा फक्त उत्साह.

‘हे सर्व ठीक, पण साहित्य-मंडळाच्या पत्रिकेत याचे काय काम?’ असे विचारणारे वाचक असणार, हे आम्ही जाणून आहोत. त्यांना आमचे उत्तर असे की, काम येथेच आहे. आपल्याकडे येणारे लेखन चाळून पाहा. कविता सह्याद्रीवर, ललित लेख कोकणच्या पावसावर, आठवणी पुण्याच्या पेठांवर! ज्यांच्या आज्यांनीही पुणे पाहिले नव्हते, ते मुठेच्या पुरावर लिहितात. आणि कृष्णा, मुसी, पुलिकत यांवर मराठीत चार ओळी सापडत नाहीत. भाषा आठवणींवर जगत नाही. ती समोरच्या वस्तूंना नावे देऊन जगते. अग्निबाण, प्रक्षेपक, उपग्रह हे शब्द मराठीने केव्हाच घडविले. रोहित आणि झोळीवाला तर तिच्या पदरी पूर्वीपासून आहेत. मारुती चितमपल्ली यांनी रानावनांत हिंडून पक्ष्यांची नावे गोळा केली आणि ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. कलामांचे आत्मचरित्र मराठीत ‘अग्निपंख’ या नावाने आणले ते माधुरी शानभाग यांनी, म्हणजे बेळगावच्या एका लेखिकेने. महाराष्ट्राच्या सीमेबाहेरील मराठी माणसाचे हे काम आहे. आपल्यातील किती जणांना हे ठाऊक आहे?

आणि हे क्षेत्र आपल्याला परके कसे? घन इंधनाच्या क्षेत्रात मोलाचे काम करणारे वसंत गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. १९८० चे ते पहिले यश त्यांच्याच कारकिर्दीतील. पुढे १९९४ ते १९९९ या काळात त्याच पदावर बसलेले प्रमोद काळे यांचे शिक्षण बडोद्यात झाले. आपल्या संमेलनांत सयाजीरावांच्या दातृत्वावर भाषणे होतात, ती व्हावीतच. पण त्यांच्या नावाच्या विद्यापीठातून निघालेला एक मराठी मुलगा अग्निबाणांपर्यंत पोहोचला, ही कथा त्या भाषणांत का येत नाही?

हे केवळ हैदराबादकरांपुरते नाही. बेळगावकरांच्या उशाशी भीमगडचे अरण्य आहे. २०११ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि तेथील बारापेडे गुहांत राहणारे दुर्मिळ वटवाघूळ जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. ग्वाल्हेरकरांचे शिवपुरी म्हणजे शिंद्यांच्या छत्र्या, एवढ्यावर आपण थांबतो; शेजारचे माधव राष्ट्रीय उद्यान मार्च २०२५ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले, याची चर्चा आपल्या किती घरांत झाली? इंदूरला रालामंडल आहे, बडोद्याजवळ जांबुघोडा आहे. प्रत्येक केंद्राच्या अंगणात काहीतरी आहे आणि प्रत्येक केंद्र महाराष्ट्राकडे तोंड करून बसले आहे.

म्हणून आमची सूचना अगदी साधी आहे. मंडळाच्या वार्षिक सहलीचे ठिकाण यंदा बदलावे. जानेवारीत सुळ्ळुरुपेटला मुक्काम करावा. एक दिवस नेलपट्टू, एक दिवस पुलिकत. तिथी जुळली तर प्रक्षेपण पाहावे. सामान्य नागरिकांसाठी श्रीहरिकोट्यात २०१९ साली पाच हजार प्रेक्षकांची दर्शनसज्जा बांधण्यात आली आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलला लोकांनी तेथून पहिले प्रक्षेपण पाहिले. नावनोंदणी आगाऊ करावी लागते आणि ओळखपत्र बाळगावे लागते. आपल्या तरुण सभासदांना हे काम सहज जमेल. तिथी जुळली नाही, तर पक्षी कोठे पळून जात नाहीत. बरोबर तेलुगू जाणणारे शेजारी न्यावेत आणि कोळ्यांशी त्यांच्या भाषेत बोलावे. इतक्या पिढ्यांनंतर ते कोणाला जमत नसेल तर तो निराळ्या लेखाचा विषय होईल. परतल्यावर प्रत्येकाने दोन पाने मराठीत लिहावीत, आणि त्यांत ‘अविस्मरणीय’ हा शब्द नसावा.

उपराष्ट्रीय अभिमानाच्या घोषणा देऊन कोणतीही भाषा परमुलखात टिकलेली नाही. ज्या मातीत आपण राहतो तिच्यावर तिने बोलले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी हा मुलूख घोड्यावरून आणि पायी पाहिला होता. आपल्याला तो वातानुकूलित डब्यातून पाहावयाचा आहे, आणि तेवढेही आपल्याच्याने होत नसेल, तर पुढील पिढीने मराठी का सोडली, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.