दोन खडेबाजार

परदेशाहून परतलेले आमचे आप्तेष्ट तेथील मनोऱ्यांचे नि वस्तुसंग्रहालयांचे वर्णन ज्या कर्तव्यबुद्धीने करतात, ती पाहून त्यांच्याविषयी अनुकंपाच वाटते. परंतु सदऱ्याच्या एका गुंडीसाठी त्या अपरिचित शहरात आपण तासभर कसे भटकलो, हे सांगू लागताच त्यांच्याच मुद्रेवर तेज चढते. म्हणून माझे मत असे की, परमुलखात जाणाऱ्याने प्रेक्षणीय स्थळांची यादी घरी ठेवावी आणि किरकोळ कामांची खिशात घालावी.

आता परमुलूख म्हणजे काय, हा प्रश्न आम्हां कोल्हापूरकरांना दूर जाऊन सोडवावा लागत नाही. कोगनोळीचा नाका आणि निपाणीची तंबाखू मागे टाकून बेळगावच्या खडेबाजारात उतरले की, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई इलाख्याच्या वारशातून म्हैसूरच्या पदरात पडलेला, १९६७ च्या महाजन अहवालाने तेथेच ठेवलेला आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी असलेला मुलूख पायांखाली येतो. दुकानांवरील पाट्यांची लिपी पालटते. गल्ल्यावरचा मनुष्य मात्र एका गिऱ्हाइकाला ‘एष्टु’चे उत्तर देऊन त्याच श्वासात मला ‘घ्या की वो’ म्हणतो.

माझ्या यादीत तीनच कामे होती : चष्म्याची सैल झालेली दांडी, घरच्या मंडळींसाठी शहापुरी साडी, आणि कुंदा. दांडी कारागिराच्या स्वाधीन करून, चष्म्यावाचून किंचित धूसर झालेल्या त्या गर्दीतून मी कपिलेश्वराच्या पुलावरून शहापुरात गेलो. तेथेही एक खडेबाजार आहे! पुलाच्या अलीकडचे बेळगाव १८१८ पासून इंग्रजांचे, तर पलीकडचे शहापूर १९४८ पर्यंत सांगलीकर पटवर्धनांचे. अर्थात सकाळी एका खडेबाजारातून निघून दुसऱ्यात लुगडे घ्यायला जाणारी एखादी गृहिणी त्या काळी, पायांतील वहाणाही न बदलता, एका सरकारच्या अमलातून दुसऱ्या सरकारच्या अमलात जात असे, आणि तिला चिंता असे ती रंग पक्का आहे की नाही एवढीच. सरहद्दीविषयी मी तिच्या बाजूचा आहे. याचा अर्थ सीमाभागातील मराठी माणसाची तक्रार क्षुल्लक आहे असा कोणी काढू नये. कचेरीतला कागद ज्याला आपल्या भाषेत मिळत नाही, त्याला बाजारातले सौजन्य पुरत नाही.

परतताना मांडे घेतले. उपड्या खापरावर भाजलेली, आत पिठीसाखर भरून रुमालासारखी दुमडलेली ही पारदर्शकप्राय वस्तू दातांखाली येते न येते तोच नाहीशी होते. कुंद्याचा स्वभाव याच्या अगदी उलट : दूध नि खवा साखरेसह तपकिरी होईपर्यंत आटवून केलेला हा रवाळ पदार्थ जिभेवर ठाण मांडून बसतो. दोहोंत श्रेष्ठ कोण, याचा निवाडा करण्यासाठी मी दोन्ही पुनःपुन्हा चाखले आणि निकाल राखून ठेवला.

सायंकाळी दांडी आणायला गेलो, तर कारागीर म्हणाला, “आज स्क्रू मिळाला नाही, उद्या या की वो.” मी मुक्काम एका दिवसाने वाढविला.