टोळी निघण्याआधी रक्त तपासून घ्या

पोळा झाला. दसरा आता कितीसा लांब? मुकादमांची ये-जा सुरू झाली असेल, उचल ठरली असेल, काही घरांत ती खर्चूनही झाली असेल. शिरूर कासार, आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूर, केज, सगळ्या बालाघाटातून गाड्या भरून माणसं ऊसतोडीला निघतील. त्यांत यंदाच्या उन्हाळ्यात लग्न झालेली कितीतरी जोडपी पहिल्यांदाच कोयत्यावर जातील. बऱ्याच जणींना फडावरच दिवस जातील. म्हणून निघायच्या आधी एवढं ऐका. मूल हवं असेल तर तयारी तीन महिने आधी सुरू करा. दोघांनीही करा.

आधी का, ते सांगते. गर्भ राहिल्यापासून पहिल्या 28 दिवसांतच बाळाच्या मेंदूचा आणि पाठीच्या कण्याचा पाया घातला जातो. तेव्हा बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हे माहीतही नसतं. त्या दिवसांत आईच्या अंगात फॉलिक ॲसिड कमी पडलं तर कण्याची नळी उघडीच राहू शकते. मग पाळी चुकल्यावर गोळ्या सुरू केल्या तरी ती वेळ निघून गेलेली असते. ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेली एक मोठी चाचणी 1991 साली संपली. आधी असं बाळ झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसं होण्याचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशाने उतरला. ज्यांना आधी असं बाळ झालेलं नाही त्यांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं. ज्यांना झालंय त्यांना जास्त लागतं, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. ही छोटीशी गोळी आहे. आशाताईंकडे मागा, उपकेंद्रात मागा.

आणि हिमोग्लोबिन बघा. दिवस नसलेल्या बाईच्या रक्तात ते 12 असायला हवं. आठच्या खाली असेल तर अंग आतून रिकामं झालंय असं समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. असं अंग घेऊन पहाटे चारला उठायचं, ऊस तोडायचा, डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढायचं, आणि पोटात बाळही वाढवायचं? बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरण्याआधी होतं, बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी आईच्या जिवावर बेततं. तुमच्या घरात हे होऊ देऊ नका.

निसर्गोपचाराचं नाव घेऊन आज अनेक जण दारात येतात, म्हणून त्याबद्दल स्पष्ट बोलू. 1946 साली गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला तो खेड्यातल्या गरिबांसाठी. साधं अन्न, ऊन, पाणी, माती, विश्रांती एवढ्यावर त्यांचा भर होता. त्यातलं जे घ्यायचं ते पोटभर घ्या. बाजरीची भाकरी खा. हुलग्याचं माडगं करा. तीळ, शेंगदाणे, गूळ घरात ठेवा. शेवग्याचा पाला, तांदुळजा, पाथरी, चिघळ बांधावर उगवते ती खुडून आणा. जेवताना लिंबू पिळा, नाहीतर आवळा खा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. अंडी चालत असतील तर सुनेच्या ताटात आधी वाढा. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं तिने खायचं, ही रीत या तीन महिन्यांत तरी मोडा.

पण रक्त आठवर आलेल्या बाईला पालेभाजीने दोन महिन्यांत बारावर आणता येत नाही. तिला गोळ्या लागतात, कधी सलाईनमधून लोह द्यावं लागतं. मूल व्हावं म्हणून कडक उपास, नऊ दिवस फक्त पाण्यावर, ‘शरीरशुद्धी’साठी जुलाब, हे तिच्या अंगावर घाव घालणं आहे. करू नका, करायला लावू नका. नाव नसलेल्या पुड्या, काळसर भस्मं, बाजारात तंबूत बसणाऱ्याच्या जडीबुट्या घेऊ नका. अशा काही औषधांत शिसं आणि पारा सापडलाय, आणि दोन्ही गर्भाला घातक आहेत.

त्यातही एक पुडी सगळ्यांत वाईट. ‘मुलगाच होईल’ म्हणून दुसऱ्या महिन्यात देतात ती. मुलगा की मुलगी, हे गर्भ राहतो त्याच क्षणी बापाच्या बीजावरून ठरलेलं असतं. नंतर कुठलीही पुडी ते बदलत नाही. हरियाणात झालेल्या अभ्यासांत अशी औषधं घेतलेल्या बायकांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण जास्त दिसलं. आपल्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या 807. एवढं नुकसान पुरे झालं. ती पुडी आणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

आता दादा, तुमच्याशी बोलते. मूल होत नाही तेव्हा वांझपणाचा शिक्का बाईवर बसतो, दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी निघतात. खरं असं आहे की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असतं. तुमची तपासणी सोपी असते, एका नमुन्यात कळतं. ती आधी करा. पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून दारू, बिडी, गुटखा आजच सोडला तर त्याचा गुण तीन महिन्यांनी दिसेल. कापसावर फवारणी करताना तोंड-हात झाका, आणि त्या कपड्यांना बायकोला हात लावू देऊ नका. ताईंनो, तुम्हीही मिसरी सोडा. ती तंबाखूच आहे, ती बाळाच्या रक्तात जाते.

वर्षभर एकत्र राहूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. बाईचं वय 35 च्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच जा. थायरॉईड, साखर, गर्भाशयाचा क्षय, यांतलं काय आहे ते तपासणीत कळतं आणि त्यावर उपाय आहेत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहे. नवस करा, त्याला कोण अडवतंय? पण नवसासाठी तपासणी पुढे ढकलू नका.

अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय? फडावर पाणी नाही, आडोसा नाही, म्हणून बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, तेच फडकं पुन्हा पुन्हा वापरतात. संसर्ग होणारच. तो बहुतेक वेळा औषधांनी बरा होतो, आणि गरज असेल तिथे नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. पण आपल्याकडे काय झालं ते आठवा. 2019 साली शासनाने समिती नेमली, 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, आणि 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा पडू नये, पाळीची कटकट नको, ‘नाहीतर कॅन्सर होईल’ अशी भीती, त्यात हे झालं. तरुण वयात अंडाशयही काढलं गेलं तर हाडं ठिसूळ होतात, अंगातली ताकद जाते. कुणी पिशवी काढायला सांगितली तर लगेच हो म्हणू नका. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. आणि मूल हवं असेल तर तसं डॉक्टरांना मोठ्याने सांगा.

मुलगी अजून अठराचीही नसेल तर तिच्यासाठी यातली कुठलीच तयारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) आपल्या जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या बायकांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. जोडीने कोयता मिळतो म्हणून लेकरांची लग्नं लावू नका. लग्न लागून गेलंच असेल तर मुलाची घाई करू नका. निरोध, गोळ्या, ‘अंतरा’ इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तिला विशीच्या पुढे जाऊ द्या. आणि पहिल्या-दुसऱ्या लेकरात तीन वर्षांचं अंतर ठेवा.

सासूबाई, हे सगळं तुमच्या हातात आहे. सून घरात एकटी बोलू शकत नाही, तुमचा शब्द चालतो. दसऱ्याच्या आधी एक सकाळ काढा. मुलगा आणि सून दोघांना घेऊन उपकेंद्रात जा. रक्त तपासा, साखर तपासा, रक्तगट लिहून घ्या. फॉलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळ्या फडावर पुरतील एवढ्या मागून बांधून घ्या. आशाताईंचा फोन नंबर सोबत ठेवा. पोहोचाल त्या गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र पहिल्याच आठवड्यात शोधा, आणि पाळी चुकली तर परत गावी येण्याची वाट न बघता तिथेच नाव नोंदवा. मुकादमाला आधीच सांगा, दिवस गेले तर आमची सून मोळी उचलणार नाही.

या तपासणीला रक्ताचे थोडेसे थेंब लागतात, आणि उपकेंद्रात पैसे लागत नाहीत. उद्याच जा.