इंग्रजी बोलू या : 'अँबिशस' – चांगला की वाईट?



धुळ्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बी.फार्म. झाली, आता स्थळे पाहणे सुरू आहे. मुलीने स्वतःच इंग्रजीत बायोडाटा तयार केला आणि स्वभावाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला : 'अँबिशस'. जळगावच्या मावशींनी तो वाचला मात्र, म्हणाल्या, "अगं माय, हे आधी काढ! मुलाकडच्यांना वाटेल, पोरगी डोईजड आहे." मुलगी काही ऐकेना. आई विचारतात, "ताई, हा शब्द चांगला की वाईट? आणि वाक्यात नीट कसा वापरायचा?"

प्रश्न दिसतो एका शब्दाचा, पण अडले आहे एका मुलीचे लग्न. म्हणून जरा सावकाश पाहू या.

आधी उच्चार. आपल्याकडे सर्रास 'अँबिशियस' म्हणतात. ते चूक. शेवटची अक्षरे टी-आय-ओ-यू-एस अशी असली तरी उच्चार नुसता 'शस' होतो. म्हणायचे 'अँ-बि-शस', आणि जोर मधल्या 'बि'वर द्यायचा. शब्द स्वराने सुरू होतो, म्हणून आधी 'अ' नव्हे, 'ॲन' येतो : ॲन अँबिशस गर्ल. जास्त-कमी सांगायचे तर 'मोअर अँबिशस', 'मोस्ट अँबिशस'.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे 'अँबिशन' आणि 'अँबिशस' यांची अदलाबदल. 'अँबिशन' म्हणजे महत्त्वाकांक्षा, हे नाम. 'अँबिशस' म्हणजे महत्त्वाकांक्षी, हे विशेषण. 'माय अँबिशस इज टू बिकम अ डॉक्टर' हे चूक. 'माय अँबिशन इज टू बिकम अ डॉक्टर' हे बरोबर. 'शी इज व्हेरी अँबिशन' चूक. 'शी इज व्हेरी अँबिशस' बरोबर. मुलांच्या निबंधात ही चूक हटकून सापडते. वही तपासताना लक्ष ठेवा.

आता अर्थ. हा शब्द माणसाला लागतो तसाच कामालाही लागतो. मनमाड–इंदूर रेल्वेची वाट धुळेकरांनी किती वर्षे पाहिली, हे तुम्हाला सांगायला नको. 309 किलोमीटरच्या या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी रुपये धरला. अशा कामाला इंग्रजीत म्हणतात 'ॲन अँबिशस प्रोजेक्ट'. म्हणजे काम मोठे, अवघड, आणि तडीस जायला कस लागणारे.

घरातही हा शब्द चालतो. समजा, आखाजीला वीस माणसे जेवायला बोलावलीत आणि खापरावरचे मांडे आयुष्यात पहिल्यांदाच, तेही एकटीने करणार आहात. इंग्रजी बोलणारी शेजारीण हसून म्हणेल, 'दॅट्स रादर अँबिशस!' ही शाबासकी समजू नका बरं का! 'बाई, झेपेल का तुला?' असे ती गोडीत विचारते आहे. आणि मांडे फाटून शेवटी साध्या पोळ्यांवर भागवावे लागले, तर त्या बेताला म्हणतात 'ओव्हर-अँबिशस', म्हणजे आवाक्याबाहेरचा.

म्हणजे शब्द एकच, पण कधी कौतुक, कधी चिमटा. मग ओळखायचे कसे? त्याच्यापुढे काय जोडले आहे, ते पाहायचे.

हा शब्द मुळात लॅटिनमधला. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभे राहणारे उमेदवार मते मागत फिरत, त्या फिरण्यावरून तो आला. तेव्हापासूनच त्याला संशयाचा वास आहे. शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' नाटकात ब्रूटस लोकांना सांगतो की सीझर अँबिशस होता, म्हणून त्याला मारला. मग अँटनी उठतो आणि सीझरने लोकांसाठी काय काय केले ते सांगत तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारतो, इतका की ऐकणाऱ्यांना तो आरोपच पोकळ वाटू लागतो. कशासाठी अँबिशस, हे ब्रूटसने सांगितलेच नव्हते. नुसता शब्द सोडून दिला, की ऐकणारा त्यात आपल्या मनातला अर्थ भरतो. मावशींनी तेच केले.

म्हणून हा शब्द एकटा सोडू नका. त्याच्यापुढे 'फॉर' जोडा : 'शी वॉज नॉट अँबिशस फॉर फेम', तिला कीर्तीची हाव नव्हती. हे वाक्य आपल्या बहिणाबाई चौधरींना किती शोभते! आसोद्याच्या या माहेरवाशिणीला अक्षरओळख नव्हती. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या ओव्या रचत गेल्या. 1951 साली त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी, 1952 मध्ये, त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तेव्हा 'नॉट अँबिशस' हीसुद्धा शिवी नव्हे.

उलट उदाहरणही जळगावचेच. 1962 साली प्रतिभाताई पाटील वयाच्या 27 व्या वर्षी जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. पुढे 2007 ते 2012 त्या भारताच्या राष्ट्रपती होत्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला. 1962 च्या त्या निवडणुकीबद्दल म्हणता येईल : 'इट वॉज ॲन अँबिशस स्टेप फॉर अ यंग वुमन.' इथे शब्द निखळ कौतुकाचा.

आणखी एक प्रयोग तर आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा : 'शी इज अँबिशस फॉर हर चिल्ड्रन.' मुलांचे भले व्हावे म्हणून झटणारी आई. हिला कुणी नावे ठेवत नाही. तीच बाई स्वतःसाठी काही करू म्हणाली, की मात्र भुवया वर जातात. दोष शब्दाचा नाही, ऐकणाऱ्या कानाचा आहे. पण लग्न जमवताना त्या कानांशीच गाठ असते, हे मावशींचे म्हणणेही खोटे नाही.

तेव्हा धुळ्याच्या भगिनींनो, शब्द खोडू नका, पुरा करा. मुलीला विचारा, तुला नेमके काय करायचे आहे? स्वतःचे औषधांचे दुकान काढायचे असेल, तर तसेच लिहा. ठरावीक काम सांगताना इंग्रजीत नाम जास्त नैसर्गिक वाटते : 'हर अँबिशन इज टू ओपन हर ओन फार्मसी.' आता यात डोईजडपणा कुठे दिसतो? एक सरळ बेत दिसतो. तो वाचून एखादे स्थळ मागे फिरलेच, तर ते साखरपुड्याआधी फिरलेले बरे. लग्नानंतर हीच गोष्ट कळली असती तर मुलीला दुकानही नाही आणि स्वस्थताही नाही. आणि जे स्थळ हे वाक्य वाचूनही पुढे येईल, त्यांच्याशी बोलणी मोकळेपणाने होतील. मावशींनाही हे वाक्य वाचून दाखवा.

या आठवड्याचा अभ्यास : पुढील वाक्ये इंग्रजीत करा.

1. माझी नणंद महत्त्वाकांक्षी आहे.
2. त्यांचा बेत फारच आवाक्याबाहेरचा होता.
3. ती तिच्या मुलांसाठी महत्त्वाकांक्षी आहे.
4. माझी महत्त्वाकांक्षा ___ ही आहे.

चौथ्या वाक्यातली गाळलेली जागा मुलांच्या नावाने भरायची नाही. स्वतःच्या मनातले लिहायचे, मग ते शिवणाचा क्लास काढण्याचे असो की राहिलेली पदवी पुरी करण्याचे. जमले तर घरात मोठ्याने म्हणून बघा.

पुढच्या आठवड्यात 'सेन्सिबल' आणि 'सेन्सिटिव्ह' यांतला फरक पाहू.