विकत घेतले, पण आपले झाले का?

शनिवारी सकाळी बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये झाडांखाली सतरंज्या अंथरल्या जातात. २०२३ पासून ‘कब्बन रीड्स’ या नावाने तिथे माणसे जमतात आणि काही न बोलता आपापले पुस्तक वाचत बसतात. भाषण नाही, चर्चा नाही. बहुतेकांच्या हाती छापील पुस्तक असते. मधूनच एखाद्याच्या हाती पाटीसारखी वस्तू दिसते. तो ई-रीडर.

फोनचा पडदा डोळ्यांवर प्रकाश टाकतो. ई-रीडरच्या पडद्यात मात्र काळ्या-पांढऱ्या कणांच्या सूक्ष्म कुप्या असतात. विजेच्या इशाऱ्याने ते कण वर-खाली होतात आणि अक्षरे उमटतात. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, त्यामुळे एकदा चार्ज केला की कित्येक दिवस पुरतो. उन्हातही अक्षर कागदासारखे स्पष्ट दिसते, हवे तेवढे मोठेही करता येते. घरातल्या आजी-आजोबांना एवढे एकच कारण पुरेसे आहे. शिवाय वाचताना मध्येच कोणाचा फोन येत नाही, हे सुख वेगळेच!

नोकरीसाठी बंगळूरला गेलेल्या मराठी कुटुंबांना पूर्वी गावाहून येताना पिशवीतून पुस्तके आणावी लागत. किंडल भारतात २०१२ मध्ये आले आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्यावर मराठी पुस्तकांचे दालन उघडले. गंमत अशी, की त्या वेळच्या पाच भारतीय भाषांत मराठी होती, पण बंगळूरची कन्नड नव्हती.

मग घरातले कपाट रिकामे करावे का? घाई नको. बंगळूरमध्येच २००७ साली सुरू झालेली फ्लिपकार्ट आरंभी पुस्तकेच विकत असे. २०१२ मध्ये तिने ई-पुस्तकांचे दुकान काढले आणि २०१५ च्या अखेरीस ते गुंडाळलेही. ग्राहकांना आपली पुस्तके कोबो या परदेशी कंपनीकडे हलवावी लागली. अमेरिकेत २००९ मध्ये याहून विचित्र घडले. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’च्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत दिले, माफीही मागितली. पण कोणता पुस्तकविक्रेता आपल्या घरात शिरून कपाटातले पुस्तक उचलून नेईल?

ई-पुस्तकाच्या पैशांत बहुधा वाचण्याची परवानगी मिळते, मालकी नाही. ते शेजारणीला वाचायला देता येत नाही, की वाचून झाल्यावर चर्च स्ट्रीटवरच्या ब्लॉसम बुक हाउसमध्ये जुने म्हणून विकता येत नाही. तिथल्या जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मात्र कधी कधी आधीच्या मालकाचे नाव आणि तारीख अजून वाचता येते.